विसावा आणि ध्यान

(मंदिराच्या जीर्णोद्धार सोहळ्यात नव्या सभामंडपात केलेले भाषण)



ज्या गादीवर सात दिवस थोर कीर्तनकारांनी सेवा केली, तिच्यासमोर उभे राहून एका कारकुनाने ध्यानावर बोलावे, ही गोष्ट मला स्वतःलाच धाडसाची वाटते. माझे शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. नोकरी नेवाशाच्या तहसील कचेरीत. पोथी वाचतो, पण अधिकार नाही. मग मी का उभा राहिलो, ते आधी सांगतो.

आपल्या मंडळातील काही तरुणांनी सूचना मांडली की, नव्या सभामंडपात आठवड्यातून दोन दिवस, संध्याकाळी, गावकऱ्यांसाठी शवासनाचा वर्ग घ्यावा. एकाने शांतपणे सांगत जायचे आणि बाकीच्यांनी निजून अंग सैल सोडायचे. यावर बैठकीत दोन तट पडले. एक पक्ष म्हणाला, देवळात भजन व्हावे, ध्यान व्हावे. देऊळ काही झोपा काढण्याची जागा नव्हे, आणि ‘शव’ हा शब्द तर देवापुढे नकोच. दुसरा पक्ष म्हणाला, अहो, शवासन आणि ध्यान एकच. शेवटी एक वडीलधारे गृहस्थ मला म्हणाले, “तू दोन्ही करून पाहिले आहेस, तूच सांग.” वडिलांची आज्ञा मोडवत नाही, म्हणून हे चार शब्द.

माझे म्हणणे प्रथमच सांगून टाकतो. माझ्या अल्पमतीप्रमाणे दोन्ही पक्षांचे थोडे चुकते. या दोन गोष्टी एक नव्हेत. पण एकीमुळे दुसरी विटाळते असेही नाही.

आता माझी हकिकत. काही वर्षांपूर्वी दुष्काळाचे काम आमच्या टेबलावर होते. टँकरचे हिशेब, पिकांचे पंचनामे, अनुदानाच्या याद्या, त्यात मार्चअखेर. घोडेगावमार्गे रोज जा-ये, आणि घरी आल्यावरही डोक्यात कचेरीच. रात्री दोनला जाग यायची ती पहाटेपर्यंत. अशात एकदा तपासणीत रक्तदाब १६० वर १०० निघाला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि सांगितले, मन शांत ठेवा.

मन शांत ठेवा हे सांगणे सोपे. मी पहाटे उठून ध्यानाला बसू लागलो. आसन घातले, डोळे मिटले, की आमची बारनिशी सुरू! कोणते टपाल आले, कोणते जावयाचे, कोणत्या यादीत कोणाचे नाव राहिले, साहेब काय म्हणतील. पाठ दुखे, मान अवघडे, पाय बधिर होई. अर्धा तास झाला की मी जास्तच चिडलेला उठे. महिनाभर असे केले, आणि मनाने घेतले की आपण पापी आहोत, देवाचे नाव घ्यायला बसलो तरी आपल्याला कागदच दिसतात. हे मी कोणाला बोललो नाही. आज बोलतो, कारण या मंडपात असे वाटणारे आणखीही कोणी असतील.

पुढे एका ओळखीच्या शिक्षकांनी मला सतरंजीवर उताणे निजविले. म्हणाले, “काही करू नका, मी सांगतो तिकडे फक्त लक्ष न्या.” आणि पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात केली. अंगठा, टाच, पोटरी, गुडघा, मांडी. मग हात, पोट, छाती, जबडा, डोळे, कपाळ. तेव्हा मला पहिल्यांदा कळले की मी दिवसभर दात आवळून बसतो. इतकी वर्षे माझाच जबडा, पण त्याची खबर मला नव्हती. वीस मिनिटांनी मला डोळा लागला. कित्येक महिन्यांत अशी झोप नव्हती.

हे असे का व्हावे? आपल्या शरीरात दोन व्यवस्था आहेत. एक संकटाची. समोर साप आला की हृदय धडधडते, स्नायू ताठ होतात, श्वास वर चढतो, पळायला किंवा लढायला अंग तयार होते. दुसरी विश्रांतीची. तिच्या वेळी श्वास खोल जातो, नाडी मंदावते, अन्न पचते, झोप लागते. सापासाठी केलेली ही तयारी साहेबांच्या घंटीने, सावकाराच्या निरोपाने, लेकीच्या लग्नाच्या काळजीनेही होते. साप निघून जातो, काळजी जात नाही, आणि अंग ताठलेलेच राहते. अशा ताठलेल्या अंगाला ‘मन शांत कर’ म्हणून उपयोग नसतो. पण श्वास लांब केला, स्नायू एकेक करून सैल सोडले, तर शरीरच मनाला निरोप देते की आता संकट नाही. म्हणजे येथे वाट शरीराकडून मनाकडे जाते.

ही काही परदेशातून आलेली गोष्ट नव्हे. स्वात्मारामांच्या हठयोगप्रदीपिकेत शवासन सांगितले आहे, आणि त्याचे फळ दोनच गोष्टी सांगितल्या आहेत: शीण जाणे आणि चित्ताला विश्रांती. मोक्ष सांगितलेला नाही, हे ध्यानात ठेवावे. महाराष्ट्रात या विद्येला प्रयोगशाळेत नेले ते स्वामी कुवलयानंदांनी. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि आसन-प्राणायामाने शरीरात नेमके काय होते, ते यंत्रांनी मोजण्यास आरंभ केला. त्याच लोणावळ्याच्या विद्येच्या आधाराने मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या ४७ रोग्यांना शवासन शिकविले. रोज अर्धा तास निजायचे, संथ श्वास घ्यायचा, नाकपुडीशी त्याचा स्पर्श जाणायचा. १९६९ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. गोळ्या चालू असलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या गोळ्या डॉक्टरांना कमी करता आल्या, सगळ्यांच्या नव्हे.

इंग्लंडात डॉ. चंद्रा पटेल यांनी १९७३ पासून असेच काम केले. त्यांनी एक चांगली खबरदारी घेतली. २० रोग्यांना शिथिलीकरण शिकविले आणि दुसऱ्या तशाच २० जणांना नुसते कोचावर पडून राहण्यास सांगितले. नुसते पडून राहिलेल्यांत तेवढा फरक पडला नाही. ‘देवळात झोपा काढणार’ म्हणणाऱ्यांसाठी हे उत्तर पुरेसे आहे. निजणे वेगळे आणि जागेपणी अंग सोडणे वेगळे. त्याआधी अमेरिकेत एडमंड जेकबसन नावाच्या डॉक्टरांनी १९२९ साली या विषयावर ग्रंथ लिहिला होता. त्यांची रीत अशी की, एकेक स्नायू आधी आवळायचा आणि मग सोडायचा, म्हणजे ताण काय आणि सैलपणा काय हे शरीराला उमजते. आणि मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी आपल्याकडील न्यासावरून योगनिद्रेची पद्धत बसविली. परवा प्राणप्रतिष्ठेच्या वेळी गुरुजींनी मंत्र म्हणत एकेका अवयवाला स्पर्श केला, तो आपण सर्वांनी पाहिला. तो न्यास. योगनिद्रेत हात लावायचा नसतो. सांगणारा अवयवाचे नाव घेतो आणि ऐकणाऱ्याचे लक्ष तेथे जाते.

येथवर विसाव्याचे झाले. आता ध्यानाकडे येऊ.

ध्यानासाठी आपल्याला लांब जावे लागत नाही. आपल्याच तालुक्याच्या गावी, नेवाशास, पैस खांबाला टेकून माउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेवरील टीका सांगितली. तिचा सहावा अध्याय ध्यानाचा. मी कचेरीच्या कामाने त्या गावी रोज जातो, पण तो अध्याय नीट वाचला माझी फजिती झाल्यानंतर. त्यात मला दोन गोष्टी सापडल्या.

पहिली ही, की माउली एकदम मनावर येत नाहीत. आधी जागा कशी असावी ते सांगतात. सहज टेकले तरी उठू नयेसे वाटावे, अशी. मग आसन: दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर धुतलेले वस्त्र, फार उंच नको, फार सखल नको. मग शरीराची ठेवण. मग खाणे, झोपणे, जागणे बेताचे असावे, हे गीतेचे वचन उलगडून सांगतात. एवढे सगळे शरीराचे झाल्यावर पुढची वाट. पतंजलींच्या आठ अंगांतही आसन तिसरे आणि ध्यान सातवे. आणि आसन साधते कशाने? तर प्रयत्नशैथिल्याने, असा शब्द त्यांनी योजिला आहे. म्हणजे धडपड सैल सोडल्याने. मी तर पहाटे उठून आसनावर बसूनही धडपडच करीत होतो.

दुसरी गोष्ट अशी, की या अध्यायात अर्जुनच तक्रार करतो. मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरत नाही, म्हणतो. भगवंत त्याला पापी म्हणत नाहीत. ते त्याचे म्हणणे मान्य करतात आणि अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगतात. अर्जुनाला जे जमले नाही ते नेवाशाच्या कारकुनाला महिन्यात कसे जमावे? हे वाचल्यावर माझ्या मनावरचे मोठे ओझे उतरले.

ध्यानाचे आजचे एक मोठे ठिकाण आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात आहे. इगतपुरीस धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे चालतात. दहा दिवस मौन. ती विद्या सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशातून आणली. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे कोणी संन्यासी नव्हते. १९१७ साली रंगूनच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत ते कनिष्ठ कारकून म्हणून लागले आणि देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ साली त्याच खात्याचे मुख्य झाले. आम्हा कारकून मंडळींना अभिमान वाटावा असा हा पुरुष! गोयंकांना अर्धशिशीचा भयंकर आजार होता. देशोदेशीचे डॉक्टर झाले, मॉर्फिनची इंजेक्शने झाली. तेव्हा ते डोकेदुखी घालविण्यासाठी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. गुरूंनी त्यांना आरंभी चक्क नाकारले. ही विद्या डोकेदुखीसाठी नाही, म्हणाले. ती चित्तशुद्धीसाठी आहे. दुखणे गेले तर वाटेत जाईल, पण तेवढ्यासाठी येऊ नका. पुढे १९५५ साली गोयंका शिबिरास बसले, ते मनातला हेतू बदलून.

या एका प्रसंगात माझ्या विषयाचा सगळा निवाडा आहे. विसाव्याला आपण शीण घालवायला जातो, आणि तसे जाण्यात काही कमीपणा नाही. ध्यानाला शीण घालवायला गेलो तर हेतूच चुकला.

कोणी विचारील, विपश्यनेतही शरीरावरूनच लक्ष फिरवितात, योगनिद्रेतही शरीरावरूनच फिरवितात, मग फरक तो काय? फरक असा. विसाव्यात आपण अंगाला म्हणतो, सैल हो. ध्यानात आपण अंगाला काहीच म्हणत नाही. गुडघा दुखतो, तर दुखतो आहे हे पाहतो. सुख वाटले, तर तेही पाहतो, आणि त्याला धरून बसत नाही.

दुसरा फरक झोपेचा. विसाव्यात डोळा लागला तर गुन्हा नाही. कोणी घोरला तर शेजाऱ्याने हसू नये एवढेच. ध्यानात झोप हा अडथळा आहे. तिसरा फरक सांगणाऱ्याचा. विसाव्यात दुसऱ्याचा आवाज हवा, कारण थकलेल्या माणसाला स्वतःला हुकूम देण्याचेही त्राण नसते. लहान मूल आईच्या आवाजाने झोपते तद्वत. ध्यानात गुरू वाट दाखवितो, पण पुढे चालावयाचे ते ज्याचे त्याने. चौथा फरक फळाचा. विसाव्याचे फळ अर्ध्या तासात दिसते, आणि चार दिवस सोडला तर जाते. ध्यानाचे फळ आसनावर दिसत नाही. घरी बायकोवर आवाज चढला की नाही, कचेरीत निराधार म्हाताऱ्या बाईला तीनदा हेलपाटे घालावयास लावले की नाही, तेथे ते दिसते. हे मी स्वतःला लावून सांगतो आहे.

म्हणून शवासन शिकवून त्याला ध्यान म्हणू नये. आणि ज्याला ध्यान जमत नाही त्याला विसावाही नाकारू नये. वारीला जाणाऱ्यांना हे सांगावयास नको. पालखी वाटेत विसाव्याला थांबते. विसावा म्हणजे मुक्काम नव्हे, आणि मुक्काम म्हणजे पंढरपूर नव्हे. पण विसावाच घेऊ नका म्हटले, तर किती पायी मंडळी पंढरीला पोहोचतील?

याच मंदिराचे काम चालू असता आपले गवंडी जुन्या भिंतीला गिलावा करीनात. आपण घाई करीत होतो. ते म्हणाले, आधी ओल काढू द्या, ओलीवर केलेला गिलावा धरत नाही, पावसाळ्यात फुगून पडेल. माझेही तसेच झाले होते. अंगात शिणाची ओल आणि वरून ध्यानाचा गिलावा. आता मी रात्री वीस मिनिटे शवासन करतो आणि पहाटे पंधराच मिनिटे ध्यानाला बसतो. बारनिशी अजून सुरू होते, नाही असे नाही. पण आता मी ती पाहतो, तिच्याशी भांडत नाही.

आता एक चूक कबूल करावयाची आहे. थोडे बरे वाटू लागल्यावर एका शिबिरात एकाने मला सांगितले की, आता गोळी कशाला, सोडून द्या. मी शहाणा, लगेच सोडली. तीन आठवड्यांत कचेरीतच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि सहकाऱ्यांनी धरून बाकावर निजविले. रक्तदाब पूर्वीपेक्षाही वर गेला होता. डॉक्टर रागावले, ते योग्यच होते. के.ई.एम.मध्येही गोळ्या कमी केल्या त्या डॉक्टरांनी, तपासून. रोग्याने मनाने नव्हे. म्हणून या मंडपात जो कोणी वर्ग घेईल त्याने पहिल्याच दिवशी सांगावे की, रक्तदाबाची, साखरेची, फिटची कोणतीही गोळी येथे येऊन सुटणार नाही. तसेच ज्यांना मनाचा आजार आहे किंवा होऊन गेला आहे, त्यांनी दीर्घ मौनाच्या शिबिरास जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. इगतपुरीच्या अर्जातही ही माहिती विचारतात, ती लपवू नये.

वर्ग सुरू झालाच तर आणखी थोड्या गोष्टी पाळाव्यात असे वाटते. जेवून लगेच निजू नये. अंगावर पांघरूण घ्यावे, कारण अंग सैल झाले की गार वाटते. दम लागणाऱ्यांनी डोक्याखाली उशी घ्यावी. गरोदर भगिनींनी डाव्या कुशीवर निजावे. डोळे मिटून भीती वाटणाऱ्याने उघडे ठेवावेत. ज्यांना खाली बसता येत नाही, त्यांच्यासाठी खुर्ची असावी. माझ्या आईचे गुडघे वाकत नाहीत. ती खुर्चीवर बसूनच करते आणि म्हणते, आता हरिपाठात मन लागते. उठताना एकदम उठू नये, कुशीवर वळून मग बसावे. सांगणाऱ्याने कोणाच्या अंगाला हात लावू नये. स्त्रियांचा वर्ग स्त्रीनेच घ्यावा. फी असू नये. आणि सांगणाऱ्याने स्वतःला महाराज समजू नये. तो फक्त आवाज देणारा.

राहिला देवळात निजण्याचा प्रश्न. देवापुढे साष्टांग घालतो तेव्हा आपले सगळे अंग जमिनीलाच टेकते. नवसाचे लोटांगण याच दगडांवरून जाते. दिंडीतला वारकरी देवळाच्या ओवरीतच पाठ टेकतो आणि त्याला कोणी उठवीत नाही. तेव्हा पाय देवाकडे होणार नाहीत अशा बेताने सतरंज्या घालाव्यात, हरिपाठाच्या आधी अर्धा तास, म्हणजे देवाच्या सेवेत खंड नाही. ‘शव’ शब्द ज्यांना खटकतो त्यांच्यासाठी वर्गाला ‘विसावा’ म्हणावे. विसावा झाला की उठून हरिपाठाला बसावे. ज्याला पुढे ध्यानाची ओढ लागेल त्याने अधिकारी माणसाकडे जावे, सहावा अध्याय वाचावा.

आपल्या गावात कारखान्याच्या पाळीवरून येणारे कामगार आहेत, रात्रीच्या विजेवर पाणी धरणारे शेतकरी आहेत, दिवसभर निंदणी करून पुन्हा चुलीपुढे बसणाऱ्या बाया आहेत. देणगीदारांनी या मंडपाला फरशी दिली, पंखे दिले, हजारो हातांनी श्रमदान केले. त्या फरशीवर थकलेल्या माणसाने अर्धा तास निर्धास्त पाठ टेकली, तर दिलेल्या देणगीतील पै न पै सत्कारणी लागली, असे मी समजेन.

समितीने योग्य तो निर्णय घ्यावा. दोन्ही पक्षांनी एकदा येऊन निजून पाहावे आणि मग विरोध करावा, एवढीच विनंती. माझ्या बोलण्यात चूकभूल झाली असेल ती पदरात घ्यावी.

रामकृष्ण हरी.